वेग बदलताना मासा कोणता पर वापरतो?

खाजण (धागाकर्ता)

मासा शेपटीने पुढे जातो आणि बाकीचे पर तोल सांभाळतात, असं सर्रास सांगितलं जातं. भर वेगातल्या माशाला ते बहुतांशी लागूही पडतं. पण सावकाश पोहताना कित्येक जातींची शेपूट स्वस्थ असते आणि कल्ल्यांमागचे दोन वक्षपर सगळा भार ओढत असतात. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर मासा चाल बदलतो, घोडा दुडकी सोडून चौखूर धावू लागतो तसा. वक्षपर अंगाला मिटतात आणि शेपूट सुरू होते. हा टप्पा कुठे येतो, का येतो आणि घरच्या टाकीत तो कसा मोजायचा, यासाठी हा धागा.

आधी नावं ठरवून घेऊ, म्हणजे पुढे गोंधळ नको. जोडीचे पर दोन प्रकारचे: कल्ल्यामागचे वक्षपर आणि पोटाखालचे श्रोणिपर. एकेकटे पर तीन: पाठीवरचा पृष्ठपर, गुदद्वारामागचा गुदपर आणि शेपटीचा पुच्छपर. हाडाच्या माशांत परातली प्रत्येक मऊ काडी दोन फाकांची असते. मुळाशी असलेले स्नायू एक फाक दुसरीवरून किंचित सरकवतात आणि काडी हव्या त्या बाजूला वाकते. म्हणजे मासा परावर पाण्याचा दाब नुसता झेलत नाही, पराचा बाक स्वतः ठरवतो. मुशीच्या परात ही सोय नाही.

वेग सेंटिमीटरमध्ये सांगून भागत नाही. ५ सेंमीचा आणि ५० सेंमीचा मासा एकाच वेगाने जात असले तरी दोघांचे कष्ट सारखे नसतात. म्हणून सेकंदाला मासा स्वतःच्या किती लांब्या पुढे गेला ते धरतात. या धाग्यात त्याला 'लां/से' म्हणू.

सगळ्यात बारकाईने अभ्यासलेली उदाहरणं दोन. उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला ब्लूगिल सनफिश सुमारे १ लां/से पर्यंत फक्त वक्षपरांवर पोहतो, त्यापुढे शेपूट लावतो. पॅसिफिक किनाऱ्यावरचा काळा सर्फपर्च मात्र सुमारे २ लां/से पर्यंत वक्षपरांवरच रेटतो. ड्रकर आणि लॉडर यांनी २००० साली दोघांच्या परांमागचं पाणी लेझरच्या पातळ पडद्यात चित्रित करून भोवरे मोजले. सनफिशचे वक्षपर पाणी बरंचसं बाजूला फेकतात, सर्फपर्चचे जास्त करून मागे. मागे फेकलेलं पाणी पुढे ढकलतं, बाजूला फेकलेलं पाणी वळायला आणि स्थिर राहायला कामी येतं. त्यामुळे सर्फपर्च वेगात सरस, सनफिश वळणात.

पाणकावळा

चांगला विषय. चाल का बदलावी लागते, त्यात भर घालतो.

वक्षपर वापरायच्या दोन तऱ्हा आहेत. पहिली वल्हवण्याची: पर आडवा धरून मागे ढकलायचा, मग धारेवर वळवून पाणी कापत पुढे आणायचा. दुसरी फडफडवण्याची: पर वरखाली हलवायचा आणि पक्ष्याच्या पंखासारखी उचल मिळवायची. वल्हवणाऱ्या माशाचे पर रुंद आणि टोकाला पसरट असतात, फडफडवणाऱ्याचे लांब आणि निमुळते.

वल्हवण्याची मर्यादा आकड्यांत बघा. समजा पराच्या मुळापासून २ सेंमीवरचा भाग ०.१ सेकंदात ९० अंश मागे गेला. त्याचा वेग झाला साधारण ३१ सेंमी/से. मासा स्वतः १० सेंमी/से ने पुढे जात असेल तर परामागच्या पाण्याला मिळणारा धक्का ३१ − १० = २१ चा. मासा २५ ने जात असेल तर उरतो फक्त ६. बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे ४४१ विरुद्ध ३६. वेग अडीच पट झाला आणि त्याच फटक्याचं बळ बारा पटींनी घटलं! त्यात पर पुढे आणताना समोरून येणारं पाणी आणखी अडवतं. मग पर जोरात मारून तरी किती मारणार? वक्षपराचे स्नायू मुळातच थोडे. शेपटीमागे मात्र दोन्ही बाजूंच्या अख्ख्या मांसाचं बळ असतं.

फडफडवणाऱ्याला ही अडचण कमी, कारण पर पाण्याच्या आडवा हलतो आणि पुढचा वेग वाढला तर उचलही वाढते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर रॅस माशांच्या जाती कुठे राहतात ते पाहिलं तर हेच दिसतं. जिथे लाटांचा मारा जास्त तिथे लांब निमुळत्या वक्षपरांच्या जाती, आडोशाच्या पाण्यात गोलसर परांच्या.

ओहोटी

छान. एक शंका. त्याच जातीचा लहान मासा आणि मोठा मासा, दोघांचा टप्पा लां/से मध्ये सारखाच येतो का?

खाजण

@ओहोटी, नाही. सर्फपर्चवरच्या प्रयोगांत लहान माशांनी लां/से मध्ये जास्त वेगापर्यंत वक्षपर वापरले, मोठ्यांनी आधीच शेपूट लावली. म्हणून दोन जातींची तुलना करायची तर मासे साधारण एकाच लांबीचे घ्यावेत, नाहीतर फरक जातीचा की आकाराचा ते कळत नाही. हौशी नोंदींत हीच चूक सर्वांत जास्त होते. ४ सेंमीचं पिल्लू आणि १२ सेंमीचा प्रौढ मासा शेजारी ठेवून निष्कर्ष काढले जातात.

गणितवेडा

आता शेपटीचं गणित मांडतो.

बेनब्रिज यांनी १९५८ साली केंब्रिजमध्ये डेस, ट्राउट आणि गोल्डफिश यांना फिरत्या गोल हौदात पोहवून एक सूत्र दिलं. वेग = ¼ × लांबी × (३ × ठोके − ४). ठोके म्हणजे सेकंदाला शेपटीच्या पूर्ण फेऱ्या, डावीकडून उजवीकडे आणि परत डावीकडे.

२० सेंमीचा मासा घ्या. ५ ठोक्यांना वेग ५५ सेंमी/से, म्हणजे २.७५ लां/से. १० ठोक्यांना १३० सेंमी/से, म्हणजे ६.५ लां/से. एका ठोक्यात मासा आपल्या लांबीच्या ०.५५ ते ०.६५ पट सरकतो.

यातली मुख्य गोष्ट अशी की ५ ठोक्यांच्या वर शेपटीचा झोला जवळपास ठरलेला असतो, शरीराच्या लांबीच्या पाचव्या हिश्शाएवढा. २० सेंमीच्या माशाची शेपूट टोकापासून टोकापर्यंत ४ सेंमी हलते आणि वेग वाढला तरी ती ४ चीच राहते. वेग वाढवायचा तो ठोके वाढवून. झोला फारच रुंदावला तर शरीर आडवं होऊन पाणी अडवतं.

यावरून आणखी एक आकडा निघतो. ठोके × झोला ÷ वेग. ५ × ४ ÷ ५५ = ०.३६ आणि १० × ४ ÷ १३० = ०.३१. शेपटीने नीट पोहणाऱ्या माशांत हा आकडा साधारण ०.२ ते ०.४ मध्ये सापडतो. शेपटीमागे एकाआड एक सुटणारे भोवरे या पट्ट्यात पाणी सरळ मागे फेकतात. तुमच्या मोजणीत ०.७ किंवा ०.१ आला तर माशाला दोष देण्याआधी मोजणी पुन्हा करा.

पाणकावळा

@गणितवेडा, एक पुस्ती जोडा: हे सूत्र ५ ठोक्यांच्या खाली वापरू नये. २ ठोके घातले तर २० सेंमीच्या माशाला १० सेंमी/से येतो आणि १ ठोक्याला उणे उत्तर येतं. कमी वेगात मासा झोला आणि ठोके दोन्ही बदलतो, मधेच थांबतो, घसरतो, वक्षपरांची मदत घेतो. एका रेषेत ते बसत नाही.

गणितवेडा

बरोबर, ते लिहायचं राहिलं. ठोक्यांना वरची मर्यादा आहे हेही लिहितो. वॉर्डल यांनी १९७५ मध्ये दाखवलं की पांढऱ्या स्नायूला एकदा आकसायला लागणारा वेळच कमाल ठोके ठरवतो. एका फेरीत डावी बाजू एकदा आणि उजवी एकदा आकसते. आकसायला ०.०२५ सेकंद लागत असतील तर फेरीला ०.०५, म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त २० ठोके. ठोक्याला ०.७ लांबी धरली तर १४ लां/से. मासा मोठा झाला की हा वेळ वाढतो, पाणी गार झालं तरी वाढतो. म्हणून मोजणी करताना तापमान लिहून ठेवणं अत्यावश्यक आहे.

मचवा

यात स्नायूंचे दोन प्रकार आले पाहिजेत, नाहीतर वेगाची गोष्ट अर्धीच राहते. बांगडा आडवा कापला की कातडीखाली मधोमध गडद लाल पट्टा दिसतो. सावकाश, तासन्‌तास पोहण्याचं काम त्याचं. बाकीचं फिकट मांस झटक्यासाठी. ते प्राणवायूची वाट न बघता साठवलेल्या इंधनावर चालतं, पण लवकर दमतं. अभ्यासक वेगाचे तीन वर्ग करतात: २०० मिनिटांहून जास्त टिकणारा, २० सेकंद ते २०० मिनिटं टिकणारा आणि २० सेकंदांच्या आतला झटका. अटलांटिकमधल्या बांगड्याचा टिकाऊ वेग ३.५ लां/से च्या आसपास मोजला गेला आहे.

ट्रॉलच्या जाळ्यात हाच हिशोब लागतो. अडीच नॉट म्हणजे जवळपास १.२९ मी/से. २५ सेंमीच्या माशाला ते ५ लां/से पडतं, १० सेंमीच्या माशाला १३ लां/से. जाळ्याच्या तोंडाशी मासा जाळ्याबरोबरच पोहत राहतो. फिकट मांस दमलं की मागे पडतो आणि आत जातो. लहान मासा आधी दमतो, कारण त्याच वेगाला त्याच्या लांब्या जास्त मोडतात. डोल जाळ्याचं तंत्र निराळं. ते खांबाला किंवा नांगराला बांधून ओढीच्या समोर उघडं ठेवतात. बोंबलाचं अंग मऊ आणि पाणचट, ओढीविरुद्ध टिकून राहणं त्याला जमत नाही, म्हणून भरती-ओहोटीच्या जोरावर तो आपसूक डोलीत येतो.

ओहोटी

बाजारातल्या माशांचे पर पाहून त्यांची चाल ओळखता येते का?

मचवा

@ओहोटी, बरीचशी येते. नुसते पर उघडून बघायचे.

बांगडा: पुढचा पृष्ठपर पाठीवरच्या खाचेत पूर्ण मिटतो. नखाने उचलून सोडून बघा. मागच्या पृष्ठपरानंतर आणि गुदपरानंतर पाच-पाच सुटे इवलेसे पर असतात. शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना दोन-दोन बारीक कंगोरे लागतात. सुरमईला आणि गेदरला (हा ट्यूनाच्या कुळातला) त्या दोन कंगोऱ्यांच्या मधे आणखी एक मोठा कंगोरा असतो. शेपटीचा देठ बारीक आणि शेपूट खोल दुभंगलेली. हे सगळे टिकून वेगाने पोहणारे.

रावस: वक्षपर दोन भागांत. वरचा नेहमीचा आणि खाली चार सुटे दोर. ते दोर पोहायला नाहीत, चिखलात चाचपायला आहेत. पोहतो शेपटीने.

पापलेट: प्रौढ माशाला श्रोणिपर नसतात. वक्षपर लांब आणि टोकदार, पृष्ठपर आणि गुदपर कोयत्यासारखे मागे वळलेले. वक्षपर फडफडवून चालणारा मासा, शेपूट घाईच्या वेळी.

वाकटी: शेपटीला परच नाही, अंग निमुळतं होत संपतं. श्रोणिपरही नाहीत. डोक्यापासून मागेपर्यंत पसरलेल्या पृष्ठपरावर लाट सोडून सावकाश सरकते, अंग ताठ ठेवून. पळायचं झालं की वामेसारखं अख्खं अंग वळवळवते.

पाकट: सगळी भिस्त पसरट वक्षपरांवर. कडेने लाट पुढून मागे जाते. शेपटीचा चाबूक पोहण्याच्या कामाचा नाही.

शेपटीचा आकडाही काढता येतो. शेपूट जितकी नैसर्गिकपणे उघडते तितकीच उघडून आलेख कागदावर पेन्सिलने गिरवा. वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंतचं अंतर घेऊन त्याचा वर्ग करा, क्षेत्रफळाने भागा. अंतर ८ सेंमी आणि क्षेत्रफळ १६ चौ. सेंमी असेल तर ४. गोल शेपटीच्या माशांत हा आकडा २ च्या खाली, ट्यूनाच्या चंद्रकोरीसारख्या शेपटीत ६-७ च्या घरात. बर्फात ठेवलेल्या माशाच्या शेपटीच्या कडा तुटक्या असतात. तुटकं टोक घेतलं तर आकडा खूपच कमी येतो, कारण अंतराचा वर्ग होतो.

खाजण

@मचवा, उत्तम यादी. गेदरवर थोडं लिहिण्यासारखं आहे, कारण कमी वेगाची अडचण त्याच्याएवढी स्पष्ट कुठे दिसत नाही.

गेदरला हवेची पिशवी नाही. पाण्यापेक्षा अंग जड, त्यामुळे थांबला की बुडणार. शिवाय तोंड उघडं ठेवून पुढे गेल्याशिवाय कल्ल्यांना पुरेसं पाणी मिळत नाही. मॅग्नसन यांनी १९७० मध्ये याच जातीवर दाखवलं की पसरलेले वक्षपर विमानाच्या पंखांचं काम करतात आणि बुडायचं नसेल तर माशाला एका किमान वेगाने पोहत राहावंच लागतं. वेग कमी झाला की वक्षपर पूर्ण उघडे, वेग वाढला की मिटलेले. हवेची पिशवी नसलेला अटलांटिकचा बांगडा फारच सावकाश पोहताना अंग तिरपं धरतो, डोकं वर आणि शेपूट खाली, म्हणजे आख्ख्या अंगाची उचल मिळते. सुरमईलाही पिशवी नाही.

ट्यूनाची आणखी एक गंमत २०१७ मध्ये पुढे आली. मागच्या पृष्ठपराच्या आणि गुदपराच्या मुळाशी लसीका द्रवाची पोकळी असते. त्या द्रवाचा दाब वाढवून मासा पर ताठ करतो आणि वळण पूर्ण झालं की सैल सोडतो. सरळ वेगात उभा पर नुसताच पाणी अडवतो, वळताना तोच पर लागतो. म्हणून मिटवता येणं ही मोठी सोय.

काचघर

आता घरच्या टाकीवर येऊ. फिल्टरचा झोत किती ठेवावा, हा प्रश्न परांच्या भाषेत नीट सुटतो.

ताशी १००० लिटरचा पंप म्हणजे सेकंदाला २७८ घन सेंमी. टाकीचा आडवा छेद ३० × ४० सेंमी असेल तर सरासरी प्रवाह फक्त ०.२३ सेंमी/से. हा आकडा बघून लोक निश्चिंत होतात. पण नळीचं तोंड १६ मिमी व्यासाचं असेल तर छेद २ चौ. सेंमी आणि तोंडाशी वेग जवळपास १३९ सेंमी/से. ५ सेंमीच्या माशाला तो २८ लां/से. कुठलाच मासा तिथे टिकणार नाही. उपाय पंप बदलण्याचा नाही, तोंडाचा आहे. ३० सेंमीच्या आडव्या नळीला ४ मिमीची २० भोकं पाडली तर एकूण छेद अडीच चौ. सेंमी होतो. वेग थोडाच उतरतो, पण झोत विखुरतो आणि हातभर अंतराच्या आत मरतो. भोकं काचेकडे वळवली तर आणखी बरं.

बेट्टाला (फायटर) प्रवाह का सोसत नाही? लांब, लोंबते पर. वेग वाढला की ते मिटत नाहीत, मागे ओढत राहतात. तो उभा राहतो वक्षपरांच्या बारीक हालचालीवर आणि ते पर लहान. मासा दिवसभर एकाच कोपऱ्यात, झाडाआड किंवा फिल्टरमागे बसत असेल, परांच्या कडा चिरल्या असतील, तर प्रथम झोत तपासा आणि मग औषधाकडे वळा. पाठीचा पर नसलेल्या रांचू गोल्डफिशचंही तसंच. सरळ जाताना डोलतो, थांबताना कलंडतो. त्याला झेब्रा डॅनिओबरोबर वेगवान टाकीत ठेवणं म्हणजे छळ आहे.

एंजल, गुरामी, तिलापियाची पिल्लं यांचे वक्षपर स्थिर उभं असतानाही हलत असतात ते बघा. कल्ल्यांतून सुटणारं पाणी माशाला पुढे ढकलतं, म्हणून वक्षपर उलटे मारून तो जागेवर राहतो. शिवाय हवेची पिशवी पोटाकडे असल्याने अंग उलटं होऊ बघतं. मेलेला मासा पोट वर करतो तो त्याचमुळे. जागेवर उभं राहणं हेही पोहणंच आहे.

ओहोटी

मोबाईलवर ठोके मोजता येतील?

गणितवेडा

येतील, आणि चांगले येतील. पण चुका ठरलेल्या आहेत.

चित्रण सेकंदाला २४० चौकटींवर (फ्रेम्सवर) ठेवा. ३० चौकटींवर १० ठोक्यांना एका ठोक्यात तीनच चौकटी मिळतात आणि ठोके हुकतात. संथ चित्रफीत ३० च्या वेगाने दिसते, म्हणून पडद्यावरचे सेकंद ८ ने भागा किंवा सरळ चौकटी मोजा. १० ठोके ४०० चौकटींत झाले तर १.६७ सेकंद, म्हणजे ६ ठोके. डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन मोजले तर उत्तर दुप्पट येतं. ही चूक फार होते.

विजेच्या ट्यूबखाली २४० चौकटींचं चित्र लुकलुकतं. दिवसा, खिडकीच्या उजेडात घ्या.

पट्टी काचेबाहेर चिकटवू नका. कॅमेरा काचेपासून ६० सेंमीवर आणि मासा काचेमागे २० सेंमीवर असेल तर पाण्यामुळे तो १५ सेंमीवर असल्यासारखा दिसतो, तरीही पट्टीच्या मानाने ६० ÷ ७५, म्हणजे २० टक्के लहान. १० सेंमीचा मासा ८ चा भासेल. पण लां/से काढायला पट्टीच लागत नाही! पडद्यावर माशाची लांबी मोजा, त्याच मापात त्याने कापलेलं अंतर मोजा, भागाकार करा. दोन्हींत चूक सारखी असल्याने ती उडून जाते. अट एकच: मासा काचेला समांतर जायला हवा, तिरका नको.

निदान पाच ठोके सलग आणि समान असतील तोच तुकडा धरा. काचेला चिकटून पोहणारा मासा टाका. भिंतीलगत पाण्याचं वागणं वेगळं असतं.

पाणकावळा

टाकीत मासा मनाप्रमाणे पोहतो, त्यामुळे चाल बदलण्याचा नेमका टप्पा सापडायला वेळ लागतो. ज्यांना तो नेमका हवा त्यांच्यासाठी प्रवाह-नळी. घरी होण्यासारखी आहे.

तीन फुटी टाकीत पूर्ण बुडलेली, ४० सेंमी लांब, ७ सेंमी आतल्या व्यासाची पारदर्शक अ‍ॅक्रिलिक नळी. दोन्ही बाजूंना पाणीच असल्याने नळीच्या गोलाईमुळे चित्र फारसं वाकडं होत नाही. हीच नळी हवेत ठेवली तर मासा दीडपट जाड दिसू शकतो. पुढच्या तोंडाशी पेयांच्या नळ्यांचे ५-६ सेंमीचे तुकडे गच्च भरा, म्हणजे पाणी पिळवटत आत येणार नाही. त्यामागे जाळी. दुसऱ्या टोकाला जाळी आणि मग पंप. पंप नेहमी ओढणाऱ्या बाजूला, ढकलणाऱ्या बाजूला नको. पंपाचं फेकलेलं पाणी गरगरत येतं, ओढलेलं शांत येतं.

पंपावर ३००० लिटर लिहिलं असलं तरी नळी जोडल्यावर तेवढं मिळत नाही. त्याचं बाहेर पडणारं पाणी बादलीत घ्या. १० लिटर १५ सेकंदांत भरले तर सेकंदाला ६६७ घन सेंमी. नळीचा छेद ३८.५ चौ. सेंमी. सरासरी वेग १७.३ सेंमी/से. ६ सेंमीच्या माशाला २.९ लां/से. वेग कमी-जास्त करायला व्हॉल्व्ह पंपाच्या बाहेर टाकणाऱ्या तोंडावर बसवा आणि प्रत्येक खुणेला बादलीने मोजून तक्ता करा.

माशाच्या अंगाचा छेद नळीच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी हवा, नाहीतर अंगाभोवतीचं पाणी दामटून जातं आणि खरा वेग तुम्ही मोजल्यापेक्षा जास्त असतो. ६ सेंमीची तिलापिया साधारण १ सेंमी जाड आणि २.२ सेंमी उंच, छेद पावणेदोन चौ. सेंमी. चालेल. एंजल नको, उंचीने मावत नाही.

मासा आत सोडल्यावर १ लां/से च्या खाली निदान दोन तास राहू द्या. लगेच सुरू केलं तर घाबरून शेपटीनेच पोहतो आणि वक्षपरांची चाल दिसतच नाही. मग दर पाच मिनिटांनी अर्धा लां/से वाढवा. प्रत्येक पायरीवर शेवटचं एक मिनिट चित्रित करा आणि दोन गोष्टी मोजा: वक्षपरांचे ठोके आणि शेपटीचे ठोके. आधी फक्त वक्षपर. मग अधूनमधून शेपटीचे दोन-तीन फटके आणि पुन्हा वक्षपर. मग सलग शेपूट. मधली अवस्था हाच टप्पा. वक्षपर अंगाला मिटून राहिले की थांबायचं.

काचघर

@पाणकावळा, पंपाची उष्णता लिहा. ६० वॅटचा बुडालेला पंप १०० लिटर पाण्यात तासाला जवळपास अर्धा अंश वाढवतो. दोन-तीन तासांच्या मोजणीत दीड अंशाचा फरक पडतो आणि वर लिहिल्याप्रमाणे ठोके तापमानावर अवलंबून असतात. हवेचा दगड टाकीत ठेवा, पण नळीच्या तोंडापासून लांब. बुडबुडे आत गेले की पेयनळ्यांत अडकतात आणि प्रवाह एका बाजूला झुकतो.

आणखी एक फसवणूक. काही मासे पोहतच नाहीत. तळाशी, जिथे पाणी संथ असतं तिथे चिकटतात, वक्षपर पसरून नळीला टेकतात किंवा मागच्या जाळीवर शेपूट टेकवून बसतात. तक्त्यात तो 'वेग सोसणारा' दिसतो, प्रत्यक्षात आरामात असतो. चित्रफितीत मासा नळीच्या मधल्या तिसऱ्या हिश्शात असेल तेवढाच भाग धरायचा.

ओहोटी

दमेपर्यंत वेग वाढवून कमाल वेग काढतात ना? ब्रेट यांची पद्धत?

पाणकावळा

@ओहोटी, हो, १९६४ ची. पूर्ण केलेल्या शेवटच्या पायरीचा वेग, अधिक पुढच्या पायरीत टिकलेल्या वेळेच्या प्रमाणात वाढ. १८ सेंमी/से पूर्ण दहा मिनिटं आणि २१ ला चार मिनिटांत थांबला तर १८ + ३ × ४/१० = १९.२. पण घरी करू नका. दमलेल्या माशाच्या अंगात आम्ल साचतं आणि सावरायला काही तास लागतात, गरम आणि कमी प्राणवायूच्या पाण्यात तो दगावू शकतो. चाल बदलण्याचा टप्पा त्याच्या फार आधी येतो आणि तो दिसला की काम झालं.

ओहोटी

समजलं. सेलफिश ताशी ११० किलोमीटरने जातो असं सगळीकडे वाचायला मिळतं. हे वरच्या हिशोबात बसतं का?

गणितवेडा

@ओहोटी, बसत नाही. ११० म्हणजे ३० मी/से. २ मीटरच्या माशाला १५ लां/से. एवढ्या मोठ्या माशाचा स्नायू तितक्या ठोक्यांना आकसूच शकत नाही. २०१६ मध्ये सेलफिशच्या स्नायूचा आकसण्याचा वेळ मोजून कमाल वेग काढला तेव्हा तो सुमारे ८.३ मी/से आला, म्हणजे ताशी ३० किलोमीटर. पाण्याचीही आडकाठी आहे. १० ते १५ मी/से च्या वर शेपटीवर पाण्याची वाफ होऊन बुडबुडे फुटू लागतात आणि परांना इजा होते. जुने मोठे आकडे गळाच्या दोरीवरून, उडी मारणाऱ्या माशांवरून आलेले आहेत, त्यावर भिस्त ठेवू नये.

त्याचं ते पाठीवरचं शीडही वेगासाठी नाही. वेगात ते मिटलेलं असतं. सार्डिनच्या थव्याजवळ येताना तो ते उभारतो. त्यामुळे डोकं आणि चोच डळमळत नाही.

मचवा

झटका आणि थांबणं यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

झटक्यात मासा आधी इंग्रजी सी अक्षरासारखा वाकतो, मग उलटा फटका मारतो. मेंदूतल्या मॉथनर नावाच्या दोन मोठ्या पेशी यामागे असतात. लहान माशात पहिला वाक २० मिलिसेकंदांच्या आत होतो. त्या क्षणी पृष्ठपर आणि गुदपर ताठ उभे असतात, कारण जितकी उंची जास्त तितकं जास्त पाणी ढकललं जातं. तोच मासा सरळ धावू लागला की तेच पर मिटतो. म्हणजे वेग एकच असला तरी वेग घेताना आणि वेग टिकवताना परांची मांडणी वेगळी.

थांबताना वक्षपर पुढे, आडवे उघडतात. तांबोशी, तिलापिया यांचे वक्षपर अंगाच्या मधोमध उंचीवर असतात, त्यामुळे थांबवणारा जोर वजनाच्या मध्याजवळून जातो. मासा वर उचलला जाऊ नये म्हणून खालचे श्रोणिपर त्याच वेळी उघडतात. रोहू, कटला यांचे वक्षपर पोटाच्या कडेला आणि श्रोणिपर बरेच मागे. ते असे जागच्या जागी थांबू शकत नाहीत, थोडं पुढे घसरतात, डोकं खाली-वर होतं.

खाजण

@मचवा, म्हणूनच टाकीत रोहूची पिल्लं काचेवर आपटतात आणि तिलापिया आपटत नाही. रोहू ठेवायचा असेल तर लांबी जास्त असलेली टाकी घ्या, उंची कमी चालेल. काचेच्या आतून दोन्ही टोकांना झाडांची दाट पट्टी लावली तर धावणारा मासा आधीच वळतो.

ओहोटी

तिलापियावर नळी करून बघते. पहिली पायरी १ लां/से च्या खाली आणि व्हॉल्व्हचा तक्ता आधी, बरोबर?

पाणकावळा

बरोबर. आणि तक्ता मासा आत नसताना करा. मासा असताना व्हॉल्व्ह एकदम फिरवला तर तो मागच्या जाळीवर आपटतो आणि परांच्या काड्या मोडतात. काड्या पुन्हा वाढतात, झेब्रा डॅनिओची शेपूट २८ अंशांना साधारण दोन आठवड्यांत भरते. पण तोपर्यंत त्या माशाची मोजणी धरू नका, अर्ध्या शेपटीने तोच वेग गाठायला ठोके जास्त लागतात.